थंडरबर्ड अशिलाचे मेल गिळायलंय, शुक्रवारी तारीख आहे. मदत करा

वकिली_टाचण (परभणी), सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी इथल्या एका ज्येष्ठ वकिलांकडं ज्युनियर आहे. ऑफिसातला कॉम्प्युटर, मेल, प्रिंटर आणि प्रिंटरात अडकलेला कागद ही सगळी खाती माझ्याकडं.

पाथरी तालुक्यातल्या एका जमिनीचं प्रकरण आहे. अशील पुण्यात राहतात. त्यांनी खासरा पाहणी पत्रकाची (जमिनीची जुनी सरकारी नोंद) आणि जुन्या फेरफाराची स्कॅन प्रत मेलनं पाठवली, म्हणे. आठ दिवसांत तीनदा. आमच्याकडं एकही आलेली नाही. मजा अशी, की "वकिलांची फी कशी द्यायची", "शुक्रवारी मी येऊ का" असले त्यांचे मेल बरोबर येतात. नेमके कागदपत्रांचेच गायब. सरांना वाटायलंय मी मेल उघडत नाही. अशिलाला वाटायलंय आम्ही टाळायलो.

मेलचा प्रोग्राम थंडरबर्ड आहे, विंडोजवर. दिवाळीच्या आसपास स्पॅम फार वाढलं होतं म्हणून मी एक फिल्टर बनवला होता. तोवर आणि त्यानंतरही सगळं ठीक होतं. निदान मला तसं वाटत होतं.

जुनी_फाइल (नांदेड), सोमवार, रात्री १०:०५

वकीलसाहेब, आधी घाई न करता चार गोष्टी सांगा. खातं पॉप आहे (मेल कॉम्प्युटरवर उतरतो) की आयमॅप (मेल सर्व्हरवरच राहतो)? मेल देणाऱ्याच्या वेबसाइटवर जाऊन तिथला स्पॅमचा फोल्डर बघितला का? जोडलेली फाइल किती मोठी? आणि अशिलाला "पोचलं नाही" असं परतीचं पत्र आलं का?

पॉप असेल तर एक लक्षात ठेवा. पॉपनं फक्त सर्व्हरवरचा इनबॉक्स उतरतो. सर्व्हरनं परस्पर स्पॅममध्ये टाकलेलं तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत येतच नाही, मग थंडरबर्डात जन्मभर शोधा. दहापैकी सात वेळा दुखणं तिथंच असतं.

खत_बियाणं (उदगीर), सोमवार, रात्री १०:२०

धाग्यात घुसतो, माफी असावी. माझं तर ह्याच्याहून वाईट. कृषी सेवा केंद्र आहे. मला इनबॉक्समध्ये फक्त कंपनीचे आणि बँकेचे मेल पाहिजेत, बाकी सगळं "इतर" फोल्डरात. फिल्टर केला तर आता कंपनीचंही इतरमध्ये, बँकेचंही इतरमध्ये. इनबॉक्स कसा, कापणी झालेल्या रानासारखा.

वकिली_टाचण, सोमवार, रात्री १०:५०

लाईट गेली होती, आत्ता आली.

पॉप आहे. वेबवरचा स्पॅम फोल्डर आत्ता बघितला, त्यात नाही. फाइल सहा एमबीची. अशिलाला परतीचं काही आलेलं नाही.

माहेरवाशीण (अंबाजोगाई, सध्या पुणे), सोमवार, रात्री ११:१५

स्पॅम फोल्डर बघितला. वेबवरचा इनबॉक्स बघितला का? तिथं असेल तर मेल तुमच्या दारापर्यंत आला आणि घरात शिरल्यावर हरवला, म्हणजे चोर थंडरबर्डात. तिथंही नसेल तर अशिलाकडं चौकशी करा. एवढं एक कळलं की अर्धी शोधाशोध वाचते.

आणि तो दिवाळीतला फिल्टर जसाच्या तसा इथं उतरवून टाका.

वकिली_टाचण, सोमवार, रात्री ११:३०

ताई, आहे! वेबच्या इनबॉक्समध्ये तीनही मेल आहेत! सबजेक्ट "मालकी हक्काची कागदपत्रे व खासरा". मला सगळ्यांनी "स्पॅम बघ" सांगितलं म्हणून मी स्पॅमच बघत होतो.

फिल्टरचं नाव "स्पॅम सफाई". वर "खालीलपैकी कोणतीही अट" निवडलंय. मग सबजेक्टमध्ये हे असेल तर: लोन, कर्ज, लकी, बक्षीस, फ्री, ऑफर, क्रिप्टो, केवायसी, लॉटरी, कॅशबॅक, विमा, इन्स्टंट, गुंतवणूक, जॅकपॉट. एकूण चौदा. कृती: डिलीट. आणि हो, बाहेर पडताना कचरापेटी रिकामी करायची खूणही चालू आहे. जागा वाचावी म्हणून मीच केली होती.

पण आमच्या मेलात यातलं एकही नाही की. कागदपत्रं आणि लॉटरीचा काय संबंध?

माहेरवाशीण, सोमवार, रात्री ११:४५

अरे देवा. डिलीट अधिक रिकामी कचरापेटी, म्हणजे सरळ अंत्यविधीच. पुरावा पण शिल्लक नाही.

आता कोर्टासारखा पुरावा गोळा करा. ऑल्ट दाबलं की वर मेनूची पट्टी दिसते. टूल्स, मग मेसेज फिल्टर्स. त्या खिडकीत "फिल्टर लॉग" नावाचं बटण आहे, तिथं लॉग चालू करा. कोणत्या फिल्टरनं, कोणाचा, कोणत्या सबजेक्टचा मेल, केव्हा उचलला याची ओळ तिथं पडते. लॉग चालू केल्यानंतरचंच दिसतं, जुनं काही मिळत नाही. आणि तो फिल्टरचं फक्त नाव सांगतो, चौदापैकी कोणत्या शब्दानं पकडलं ते सांगत नाही.

मग वेबवरून तोच मेल स्वतःला पुढं पाठवा आणि गंमत बघा.

निव्वळ_वाचक (सेलू), मंगळवार, पहाटे ५:१०

मला कॉम्प्युटरातलं काही कळत नाही, मी निवृत्त मराठी शिक्षक. पण तुमची यादी आणि तुमचा विषय एकाखाली एक लिहून बघितला.

मालकी हक्काची कागदपत्रे.

वकिली_टाचण, मंगळवार, सकाळी ८:३०

गुरुजी!!!

दंडवत. चहा हातात तसाच राहिला.

जुनी_फाइल, मंगळवार, सकाळी ९:००

गुरुजींनी आम्हा सगळ्यांची विकेट काढली. मी चाळीस वर्षं यंत्रासमोर बसलो आणि मला दिसलं नाही.

झालं असं, की थंडरबर्डातल्या "कंटेन्स" या अटीला शब्द कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो याच्याशी देणंघेणं नाही. अक्षरं त्या क्रमानं सलग सापडली की बस. मालकीत लकी आहे, हलकीत आहे, बोलकीत आहे. तुमच्या यादीतला "कर्ज" तर त्याहून मोठा दरोडेखोर: पीककर्ज, कर्जमाफी आणि नगर जिल्ह्यातलं अख्खं कर्जत गाव त्याच्या पोटात. "विमा" घेतला तर विमान आणि विमानतळ. दिवाणी वकिलाच्या ऑफिसात "कर्ज" आणि "विमा" पाहून मेल डिलीट करणं म्हणजे रुग्णालयानं "ताप" पाहून पेशंट हाकलणं.

वकिली_टाचण, मंगळवार, सकाळी ११:२०

कोर्टातून लिहायलो. सकाळी निघण्याआधी ताईंनी सांगितल्याप्रमाणं लॉग चालू केला आणि वेबवरून तो मेल ऑफिसच्या पत्त्यावर फॉरवर्ड केला. घाईत फिल्टर बंद करायचं विसरलो. तोही गिळला! लॉगमध्ये ओळ पडली: फिल्टर "स्पॅम सफाई", पाठवणारा मी स्वतः, सबजेक्ट "फॉरवर्ड: मालकी हक्काची". माझ्याच डोळ्यांदेखत माझाच मेल मारला.

आता एक शंका. बाकीचे किती गेले असतील? दिवाळीपासूनचे?

माहेरवाशीण, मंगळवार, दुपारी १:१०

खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये "मेसेज सर्व्हरवर राहू द्या" याला खूण आहे का, आणि किती दिवस, ते बघा. तिथं "जास्तीत जास्त चौदा दिवस" असं असेल तर त्याआधीचं गेलं. खालच्या ओळीत "मी डिलीट करेपर्यंत" ही खूण असेल तर त्याहून वाईट: फिल्टरनं उडवलेला मेल सर्व्हरवरूनही उडतो. तुमचे तीन मेल वेबवर शिल्लक आहेत, म्हणजे ती दुसरी खूण नसावी.

कुणी सांगेल की प्रोफाइलमधली (थंडरबर्डचा डेटा असतो त्या फोल्डरातली) पॉपस्टेटची, म्हणजे कोणते मेल उतरले याची नोंद ठेवणारी, फाइल काढून टाका, सगळं परत उतरेल. उतरतं खरं. पण सर्व्हरवर शिल्लक असलेलं सगळं दुसऱ्यांदा उतरतं आणि इनबॉक्सचं रद्दीचं दुकान होतं. सर्व्हरवर जे दिसतंय ते वेबवरून हातानं पुढं पाठवून घ्या. त्याआधी फिल्टरसमोरची खूण काढा. आधी!

खत_बियाणं, मंगळवार, दुपारी २:००

वकीलसाहेबांचं सुटलं. माझं रान अजून रिकामंच.

माझा फिल्टर असा: "कोणतीही अट". फ्रॉममध्ये कंपनीचं नाव नाही. फ्रॉममध्ये बँकेचं नाव नाही. कृती: इतरमध्ये हलवा.

जुनी_फाइल, मंगळवार, दुपारी २:३०

भाऊ, लग्नाच्या मांडवाच्या दारात माणूस उभा केला आणि त्याला सांगितलं: "पाटलांकडचा नसेल तर हाकल, किंवा देशमुखांकडचा नसेल तर हाकल." पाटलांकडचा आला, तो देशमुखांकडचा नाही, हाकलला. देशमुखांकडचा आला, तो पाटलांकडचा नाही, हाकलला. मांडवात नवरदेवही उरणार नाही.

नकाराच्या अटी असतील तर वर "सर्व अटी" निवडा. कंपनीचा नाही आणि बँकेचाही नाही, तेव्हाच इतरमध्ये. होकाराच्या अटींना "कोणतीही" चालते. हा घोळ सगळ्यांचा होतो, लाजायचं काही नाही.

खत_बियाणं, मंगळवार, दुपारी २:४०

पाटील-देशमुखांनी डोकं उघडलं. फिल्टर बदलला, "इतर" फोल्डर उघडून त्यावर हातानं चालवला. पण तिथले काही हललेच नाहीत?

जुनी_फाइल, मंगळवार, दुपारी २:५०

हलणार कसे, ते इतरमध्येच आहेत आणि तुमचा फिल्टर इतरमध्येच पाठवतो. उलटा फिल्टर करा तात्पुरता: कंपनीचा किंवा बँकेचा असेल तर इनबॉक्समध्ये. फिल्टरच्या खिडकीत खाली फोल्डर निवडायची जागा आहे, तिथं "इतर" निवडा आणि "रन नाऊ". काम झालं की तो फिल्टर काढून टाका.

खत_बियाणं, मंगळवार, दुपारी ३:१५

झालं. बँकेचे एकोणीस मेल निघाले. त्यातले अठरा जाहिरातीचे 😀

दुधनाकाठ (जालना), मंगळवार, सायंकाळी ६:००

मराठी सबजेक्टवर फिल्टर लावणाऱ्यांसाठी एक वेगळाच खड्डा सांगतो, मी त्यात पडलोय. "शेतकऱ्यांसाठी खास योजना" अशा मेलांचा मला वैताग आला होता. "शेतकऱ्यांसाठी" हा शब्द टाकून फिल्टर केला. निम्मे अडकले, निम्मे सुटले. डोळ्यांना दोन्हीकडं तोच शब्द, तोच फाँट.

भानगड "ऱ्य" मध्ये आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रात अक्षरं साठवायच्या पद्धतीत, तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला वेगळा ऱ घेऊन त्याला हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. कोण कोणत्या कीबोर्डानं टाइप करतं त्यावर आहे. दुसऱ्या, वाऱ्यावर, खऱ्या, सगळीकडं हेच.

मी मग फक्त "शेतक" एवढंच ठेवलं.

निव्वळ_वाचक, मंगळवार, सायंकाळी ६:२५

शेतकी खात्याचं पत्र आलं तर?

दुधनाकाठ, मंगळवार, सायंकाळी ६:२७

गुरुजी, तुम्ही आमच्या शाळेत नव्हता हे माझं नशीब.

(दोन्ही तऱ्हांचे शब्द वेगवेगळ्या अटींत टाकले आत्ता. एक मी टाइप केला, दुसरा एका सुटलेल्या मेलातून कॉपी-पेस्ट.)

जुनी_फाइल, मंगळवार, रात्री ९:००

आता माझं ठाम मत. शब्दांच्या याद्या करून स्पॅम मारायचा जमाना गेला. पहिलं गाजलेलं स्पॅम १९७८ सालचं. डेक या कॉम्प्युटर कंपनीच्या विक्री विभागातल्या माणसानं अर्पानेटवर (इंटरनेटच्या आधीचं जाळं) सुमारे चारशे जणांना एकदम जाहिरात पाठवली. तेव्हापासून पाठवणारा तुमच्या यादीच्या एक पाऊल पुढंच आहे.

थंडरबर्डात शिकणारा जंक फिल्टर आहे. त्याचं गणित अठराव्या शतकातल्या थॉमस बेज नावाच्या पाद्र्याच्या सिद्धांतावर चालतं. तो एका शब्दावर फाशी देत नाही. मेलातला प्रत्येक शब्द तुम्ही आजवर जंक म्हटलेल्यांत किती वेळा आणि चांगल्या म्हटलेल्यांत किती वेळा आला होता ते मोजतो, सगळ्यांची गोळाबेरीज करतो आणि मग ठरवतो. "मालकी", "खासरा", "फेरफार" असले शब्द वकिलाच्या चांगल्या मेलांत रोज येतात, त्यामुळं एखादा वाईट शब्द आला तरी पारडं झुकत नाही.

पण लोक अर्धंच शिकवतात. जंक दिसलं की जे दाबतात, चांगलं दिसलं की काहीच करत नाहीत. त्याला दोन्ही बाजू ऐकवाव्या लागतात. इनबॉक्समधले शे-दोनशे चांगले मेल निवडा आणि शिफ्ट-जे दाबा, म्हणजे "हे जंक नाही". एकाच बाजूचा युक्तिवाद ऐकणारा न्यायाधीश काय निकाल देईल, ते वकीलसाहेबांना मी काय सांगू.

माहेरवाशीण, मंगळवार, रात्री ९:४०

दादा, बरोबर, पण अर्धंच सहमत. शिकणारा फिल्टर चुकला की का चुकला ते कुणालाच सांगता येत नाही. नियम चुकला की गुरुजी सांगू शकतात.

वकिलाच्या ऑफिससाठी मी दोन्ही ठेवीन. फिल्टर यादीत वरून खाली चालतात, म्हणून सगळ्यात वर एक नियम: पाठवणारा माझ्या अ‍ॅड्रेस बुकमध्ये असेल तर तारा लावा आणि "फिल्टर चालवणं थांबवा". ही दुसरी कृती लोक विसरतात. ती नसेल तर वरच्या नियमानं ओळखीचा ठरवलेला माणूस खालच्या नियमात परत पकडला जातो. अशिलाचा पत्ता पहिल्याच दिवशी बुकात टाकायचा.

तिथं स्वतःचा पत्ता मात्र ठेवू नका. स्पॅमवाले "पाठवणारा" म्हणून तुमचाच पत्ता खोटा लावतात आणि ओळखीचे म्हणून राजरोस आत येतात.

आणि डिलीट ही कृती कोणत्याही फिल्टरला नको. "संशयित" नावाचा फोल्डर करा, तिकडं हलवा, शनिवारी पाच मिनिटं नजर टाका. कचरापेटी आपोआप रिकामी करायची खूण तर आजच काढा.

जुनी_फाइल, मंगळवार, रात्री ९:५५

शनिवारी नजर टाकणारा माणूस मी अजून बघितला नाही. पण डिलीटबद्दल +१.

दुधनाकाठ, बुधवार, सकाळी १०:१५

"जे दाबा" वरून आठवलं. आमच्या ऑफिसात जाधव नावाच्या एका गिऱ्हाईकाचे मेल शोधायचे होते. आमच्या मुलानं शोधायच्या खान्यात क्लिक केलंय असं समजून इंग्रजीत जाधव टाइप केलं, पण कर्सर मेलच्या यादीतच होता. जे म्हणजे जंक: निवडलेला मेल जंकमध्ये गेला. ए म्हणजे आर्काइव्ह: पुढचा मेल आर्काइव्हमध्ये गेला. जाधवच्या स्पेलिंगात ए दोनदा आहे. तीन मेल तीन सेकंदांत इनबॉक्समधून गायब, आणि पोरगं म्हणतंय, "मी कशालाच हात लावला नाही."

कुणाचे मेल "आपोआप" जात असतील तर आर्काइव्हचा फोल्डरही बघा. कंट्रोल-झेड लगेच दाबलं तर परत येतात.

वकिली_टाचण, बुधवार, दुपारी १२:००

थांबा, आमच्याकडं आर्काइव्हमध्ये नऊ मेल आहेत आणि ते फोल्डर मी कधी बनवलंच नाही. सरांना विचारायची हिंमत नाही, ते दोन बोटांनी टाइप करतात.

निव्वळ_वाचक, बुधवार, दुपारी १२:३०

विचारू नका.

वकिली_टाचण, शुक्रवार, सायंकाळी ७:४५

अपडेट. खासरा पत्रकाची प्रत बुधवारीच काढली, आज दाखल केली, पुढची तारीख मिळाली. १९५४-५५ चं ते पत्रक इतकं फिकट आहे की स्कॅनवर रकाने वाचायला भिंग लागलं. ते दुसरं दुखणं. अशिलांना खरं सांगितलं. "म्हणजे माझी मालकी कचऱ्यात गेली होती?" म्हणून हसले.

सर्व्हरवर दोन आठवड्यांचे मेल शिल्लक होते. त्यातून आणखी चार सापडले. त्यात एका बँकेच्या वकिलांचं "पीककर्ज प्रकरण, तडजोडीचा प्रस्ताव" होतं. त्याआधीचं काय काय गेलं ते आता पाठवणाऱ्यांनाच माहीत. दिवाळीनंतर ज्यांना आमच्याकडून उत्तर गेलं नाही अशांची यादी काढून फोन लावायलोय.

आता वर अ‍ॅड्रेस बुकचा नियम, मग शिकणारा जंक फिल्टर, खाली एकच शब्दनियम आणि तोही "संशयित" मध्ये हलवणारा. चौदा शब्दांचे तीन केले. "लकी" चं "लकी ड्रॉ" केलं. दोनशे दहा मेलांवर शिफ्ट-जे दाबलं. फिल्टरची फाइल प्रोफाइलमधून पेनड्राइव्हवर ठेवली, पुन्हा बोटं वळवळली तर.

आज दुपारी पहिला मासा आला. सबजेक्ट: "लक्की ड्रॉ मध्ये आपली निवड". दोन क. नियमातून आरामात सुटून इनबॉक्समध्ये बसला होता. जे दाबलं.